पीएस५ घेतला, पण फरक कुठे आहे? कन्सोलच्या पिढ्यांमध्ये ग्राफिक्स नेमके कसे सुधारतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लहानपणी पीएस१ वरून, म्हणजे सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनवरून, पीएस२ वर आलात तेव्हा डोळे दिपले होते. पुढे पीएस३ आणि पीएस४ घेतानाही फरक पहिल्या दहा मिनिटांत कळला. आता ५० हजार मोजून पीएस५ आणला, टीव्हीही फोर-के घेतला, आणि घरच्यांनी विचारलं, "यात नवीन काय आहे?" तर बोट ठेवून काही दाखवता आलं नाही. मग ग्राफिक्स सुधारायचे थांबलेत का?

थांबलेले नाहीत. पण तुम्हाला फरक दिसत नाही हेही खरं आहे आणि त्यात तुमच्या नजरेचा दोष नाही. मी पुण्यात १७ वर्षं गेमचं लायटिंग करतो आहे, त्याआधी दोन वर्षं मॉडेलिंग, म्हणजे गेममधल्या वस्तू घडवायचं काम, केलं. पीएस३ पासून पीएस५ पर्यंत तिन्ही पिढ्यांच्या गेमवर काम केलंय. या प्रश्नाचं उत्तर टेराफ्लॉप्सच्या (चिप सेकंदाला किती लाख कोटी गणितं करते त्याच्या) आकड्यांत मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिनेमासाठी ॲनिमेशन करणारे एकेका फ्रेमला, म्हणजे हलत्या दृश्यातल्या एकेका चित्राला, कित्येक तास देऊ शकतात. गेमला सेकंदाला ३० फ्रेम्सच्या हिशेबाने ३३ मिलिसेकंद मिळतात आणि ६० फ्रेम्सच्या हिशेबाने साडेसोळाच्या आसपास. एवढ्या वेळात खऱ्या प्रकाशाचं गणित सुटत नाही. त्यामुळे आमच्या कामाचा मोठा भाग हातचलाखीचा आहे. जुन्या संगीत नाटकांत राजवाडा रंगवलेला पडदा मागे सोडायचे. त्यावरचे खांब, कमानी, खांबांच्या सावल्या, सगळं रंगवलेलं. प्रेक्षकाला महाल दिसायचा, कारण तो एका ठरलेल्या जागी बसलेला असायचा. आम्हीही पडदेच रंगवतो, फक्त आमचा प्रेक्षक रंगमंचावर येऊन फिरतो.

नवी पिढी आली की यातली एखाद-दुसरी हातचलाखी सोडून देता येते आणि ती गोष्ट खरीखुरी करता येते. तुम्हाला किती फरक दिसणार हे नव्या कन्सोलच्या ताकदीवर जेवढं अवलंबून आहे, तेवढंच जुनी हातचलाखी किती ढोबळ होती यावरही आहे. पीएस१ च्या युक्त्या उघड्या पडायच्या. पीएस४ च्या शेवटच्या काळातल्या युक्त्या इतक्या मुरलेल्या होत्या की त्यांच्या जागी खरी गोष्ट ठेवली तरी नजर पटकन अडत नाही.

पीएस१ पासून सुरुवात करू, कारण तिथली झेप का मोठी वाटली ते समजलं की बाकीचं सोपं आहे. पीएस१ वरचा कुठलाही थ्रीडी गेम लावा आणि जमिनीकडे पाहा. कॅमेरा हलला की फरशीचे चौकोन वळवळतात, सरळ रेषा मोडतात. गेममधली प्रत्येक वस्तू छोट्या त्रिकोणांची बनलेली असते आणि त्यांच्यावर चित्र चिकटवलेलं असतं. दूरचा भाग आखूड दिसावा म्हणून प्रत्येक पिक्सेलसाठी अंतराने भागाकार करावा लागतो. भागाकार हे चिपसाठी महाग काम. पीएस१ ची चिप तो करतच नसे. त्रिकोणाचे तीन कोपरे घ्यायची आणि त्यांच्यात चित्र सरळ ताणून बसवायची. शिवाय ते कोपरे पूर्ण पिक्सेलवरच बसू शकत, दोन पिक्सेलच्या अधेमधे नाही. पडदा साधारण ३२० बाय २४० चा, त्यामुळे पात्र सावकाश सरकलं की त्याचे कोपरे एका पिक्सेलवरून दुसऱ्यावर उड्या मारायचे. सगळं जग थरथरतंय असं वाटायचं ते यामुळे.

तिसरी अडचण याहून मोठी. प्रत्येक पिक्सेलवर सध्या किती अंतरावरची वस्तू रंगवलेली आहे याची नोंद ठेवणारी सोय, म्हणजे झेड-बफर, त्या मशीनमध्ये नव्हती. त्यामुळे त्रिकोण अंतरानुसार रांगेत लावायचे आणि मागून पुढे रंगवत यायचं. रांग चुकली की मागची भिंत पुढच्या खांबावर चढायची. १९९६ च्या 'क्रॅश बँडिकूट'मध्ये नॉटी डॉग या स्टुडिओच्या मंडळींनी यावर काढलेला तोडगा मला आजही फार आवडतो. त्यांनी कॅमेरा ठरलेल्या वाटेवरूनच चालवला. वाट ठरलेली, म्हणजे कुठल्या जागेवरून कुठले त्रिकोण दिसणार आणि कुठल्या क्रमाने, हे आधीच काढता येतं. ते गणित त्यांनी सिलिकॉन ग्राफिक्सच्या महागड्या वर्कस्टेशनवर करून ठेवलं आणि उत्तर सीडीवर भरलं. क्रॅशचं अंग साधारण ५०० त्रिकोणांचं होतं आणि त्यातले बहुतेक नुसत्या रंगाचे, चित्र न चिकटवलेले. त्रिकोणच जर पडद्यावर दोन-चार पिक्सेलचा असेल तर त्यावर चित्र ताणण्यात मेमरी कशाला घालवायची? म्हणून क्रॅशचा चेहरा त्या काळातल्या इतर पात्रांपेक्षा जास्त बोलका आहे.

ज्यांना कॅमेरा मोकळा सोडायचा होता त्यांनी दुसरा मार्ग धरला: दूरचं झाकून टाकायचं. १९९९ च्या 'सायलेंट हिल'मधलं धुकं अंगावर काटा आणतं. पण त्या धुक्यापलीकडचं शहर त्या क्षणी काढलेलंच नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मार्च २००० मध्ये जपानमध्ये पीएस२ आला आणि वरच्या तिन्ही अडचणी एकदम मिटल्या. फरशी सरळ राहू लागली, कोपरे उड्या मारेनासे झाले, भिंत भिंतीच्या जागी थांबली. पुढच्याच वर्षी नॉटी डॉगने 'जॅक अँड डॅक्स्टर'मध्ये लोडिंगचा पडदा न आणता फिरता येईल असं सलग जग उभं केलं. तुमचे डोळे दिपले ते उगाच नव्हे. चित्र अधिक सुंदर झालं हे तर आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे चित्र चुकायचं थांबलं. चूक दुरुस्त झालेली माणसाला लगेच कळते, बारकावा वाढलेला कळायला वेळ लागतो.

इथे एक पोटगोष्ट. जुना पीएस२ आजच्या सपाट टीव्हीला लावून पाहिलात तर निराश व्हाल. तुमची आठवण खोटी नाही, टीव्ही बदलला आहे. तेव्हाचा काचेच्या नळीचा टीव्ही शेजारच्या ठिपक्यांना एकमेकांत जरा मिसळून दाखवायचा, कडांचे दाते पुसट व्हायचे. कलाकार ते गृहीत धरूनच रंगवायचे असं त्या काळात काम केलेले माझे वरिष्ठ सांगतात. तोच सिग्नल फोर-के पडद्यावर ताणला की दडलेलं सगळं वर येतं.

आता एक आकडेवारी, जी मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला फळ्यावर लिहून दाखवतो. पीएस१ ची मुख्य मेमरी २ एमबी. पीएस२ ची ३२. पीएस३ ची, दोन भाग मिळून, ५१२. पीएस४ ची ८ जीबी, म्हणजे ८,१९२ एमबी. प्रत्येक वेळी बरोबर १६ पट. आणि पीएस५ ची १६ जीबी. दुप्पट.

दर पिढीला १६ पट मेमरी मिळायची तेव्हा दर पिढीला १६ पट सामान खोलीत मांडता यायचं: जास्त बारीक टेक्स्चर (वस्तूंवर चिकटवायची चित्रं), जास्त प्रकारची झाडं, जास्त चेहरे. ती मालिका २०२० मध्ये तुटली, कारण मेमरीच्या किमती पूर्वीच्या वेगाने उतरत नाहीत. १६ पटीच्या हिशेबाने पीएस५ मध्ये १२८ जीबी हवी होती. तशी भरली असती तर तो कन्सोल तुमच्या-माझ्या खिशात बसला नसता. सोनीने ही तूट भरून काढायला दुसरा रस्ता निवडला. त्याकडे येतोच.

मधली पिढी माझ्या जिव्हाळ्याची, कारण मी याच काळात या धंद्यात आलो. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये आणि पीएस३ त्यानंतर वर्षभराने आला. या पिढीचं मोठं देणं म्हणजे शेडर, प्रत्येक पिक्सेलसाठी चालणारा छोटा प्रोग्रॅम. मूळ एक्सबॉक्समध्ये याची सुरुवात झाली होती, पण त्यावर सगळा धंदा उभा राहिला तो आता. दगडी भिंत घ्या. आधी ती म्हणजे सपाट फळी आणि तिच्यावर दगडांचा फोटो. आता आम्ही आधी खरोखरची भिंत घडवू लागलो, लाखो त्रिकोणांची, प्रत्येक खाच आणि टवका कोरून. एवढं सगळं गेममध्ये चालणं शक्य नव्हतं. म्हणून त्या भिंतीचा प्रत्येक कण कुठल्या दिशेला तोंड करून आहे तेवढंच एका निळसर-जांभळ्या चित्रात उतरवून घ्यायचं आणि ते चित्र पुन्हा सपाट फळीवर लावायचं. याला नॉर्मल मॅप म्हणतात. दिवा फिरला की शेडर त्या दिशा वाचतो आणि खाचांमध्ये सावली पाडतो. फळी सपाटच असते. भिंतीच्या कडेला डोळा लावून पाहिलंत तर रेषा सरळ दिसेल, दगड बाहेर आलेले दिसणार नाहीत.

पण नवी पिढी प्रत्येक बाबतीत पुढे असते असं समजू नका. पीएस२ च्या ग्राफिक्स चिपमध्ये फक्त ४ एमबी मेमरी होती, पण ती चिपमध्येच बसवलेली, सेकंदाला ४८ जीबी वेगाची. पीएस३ च्या ग्राफिक्स मेमरीचा वेग त्याच्या निम्म्याहून कमी होता. धूर, ठिणग्या, पाऊस अशा एकावर एक चढणाऱ्या पारदर्शक थरांना नेमका हाच वेग लागतो. म्हणून पीएस२ वर सफाईने धावणारा 'झोन ऑफ द एंडर्स'चा दुसरा भाग २०१२ मध्ये पीएस३ वर आला तेव्हा अडखळत होता, पुढच्या वर्षी मोठी दुरुस्ती करून तो नीट चालवावा लागला. रेझोल्यूशनचंही तसंच. जाहिरात ७२०पी ची, म्हणजे १२८० बाय ७२० पिक्सेलची, पण 'कॉल ऑफ ड्यूटी ४' १०२४ बाय ६०० वर काढलेला होता आणि 'हेलो ३' ११५२ बाय ६४० वर. ताकद शेडरवर खर्च केली, ती पिक्सेलमधून वाचवली. हा हिशेब कायम असाच असतो. कन्सोलची एकूण ताकद एक असते, ती कुठे घालायची हे गेम करणारे ठरवतात.

याच मुद्द्यासाठी नॉटी डॉगचाच 'द लास्ट ऑफ अस' पाहण्यासारखा आहे, कारण तोच गेम तीन कन्सोलवर आहे: २०१३ मध्ये पीएस३, २०१४ मध्ये पीएस४, २०२२ मध्ये पीएस५.

पीएस३ वरचं काम पाहून आम्ही आमच्या स्टुडिओत अक्षरशः थक्क झालो होतो. खोलीतला प्रकाश आधीच मोजून भिंतींवर रंगवून ठेवलेला असे. आम्ही याला बेकिंग म्हणतो. पण मग चालतं-फिरतं माणूस त्या खोलीत तरंगल्यासारखं दिसतं, कारण रंगवलेल्या प्रकाशाला त्या माणसाचा पत्ताच नसतो. त्यांनी काय केलं, तर पात्राचं अंग मोजक्या गोळ्या आणि कॅप्सूलच्या आकारांचं आहे असं मानलं, आणि खोलीतला रंगवलेला प्रकाश साधारण कुठल्या बाजूने येतो ते पाहून त्या कॅप्सूलची मऊ सावली जमिनीवर आणि भिंतीवर टाकली. गेमचा नायक जोएल भिंतीजवळून जातो तेव्हा भिंतीवर एक अस्पष्ट काळोखी सरकते ना, ती हीच. दंड म्हणजे एक कॅप्सूल, मांडी म्हणजे एक कॅप्सूल. इतक्या साध्या कल्पनेने माणूस खोलीत येऊन उभा राहिला.

वर्षभराने तोच गेम पीएस४ वर आला: १०८०पी, ६० फ्रेम्स, बारीक टेक्स्चर, सावल्यांच्या कडा स्वच्छ. मेमरी १६ पट. आणि तरीही तो पीएस३ चाच गेम दिसत होता, कारण बहुतेक सामान जुनंच होतं. खुर्ची पीएस३ साठी घडवलेली असेल तर ती कितीही चकचकीत पडद्यावर दाखवा, खुर्ची तेवढीच राहते. २०२२ च्या आवृत्तीत चेहरे, घरं, गवत, प्रकाश नव्याने केले, तेव्हा कुठे पिढी बदललेली दिसली. मधल्या आठ वर्षांत यंत्रापेक्षा माणसांचं काम जास्त होतं. त्याच स्टुडिओचा 'पार्ट टू' जून २०२० मध्ये साध्या पीएस४ वर आला, सात वर्षं जुन्या यंत्रावर, आणि माझ्या मते तो आजच्या कितीतरी पीएस५ गेमपेक्षा उजवा दिसतो. त्याचा खर्च २२ कोटी डॉलर आणि ऐन कामाच्या काळात सुमारे २०० पूर्णवेळ माणसं, हे आकडे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आले. लोक ग्राफिक्सचं श्रेय चिपला देतात तेव्हा मला या २०० माणसांची आठवण होते.

पीएस४ च्या पिढीने दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्हाला कुठल्याही खोक्यावर लिहिलेली सापडणार नाही. ती म्हणजे वस्तूचा पदार्थ खऱ्यासारखा वागू लागणं. मला एकदा एका देवघराच्या दृश्यासाठी पितळी समई करायची होती. जुन्या पद्धतीत मी समईच्या टेक्स्चरवरच चकाकीचे पट्टे रंगवले, बुडाशी काळोखी रंगवली. संध्याकाळच्या दृश्यात ती सुंदर दिसली. मग डिझायनरने तीच समई दुपारच्या अंगणात नेऊन ठेवली आणि ती प्लास्टिकची वाटू लागली, कारण चकाकी संध्याकाळची होती. मग दुपारसाठी वेगळी समई करा. २०१२ च्या सुमारास डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी सिनेमासाठी एक सोपी मांडणी पुढे आणली आणि लगोलग गेमवाल्यांनी ती उचलली: पदार्थाचा मूळ रंग, तो किती खडबडीत, धातू आहे की नाही, एवढं सांगा, बाकीचं प्रकाशाचं गणित पाहून घेईल. आता समई एकदाच करायची. दुपारी, रात्री, पावसात, ती पितळेसारखीच वागते. माझ्या कामात यापेक्षा मोठा आनंदाचा बदल झालेला नाही. आणि खेळणाऱ्याला? त्याला एवढंच जाणवलं की सगळं जरा खरं वाटतंय. का, ते सांगता येणार नाही.

आता पीएस५. आधी एक हिशेब, तुमच्या तक्रारीचा अर्धा उलगडा यातच आहे. पीएस४ ची ग्राफिक्स ताकद १.८४ टेराफ्लॉप्स, पीएस५ ची १०.२८. म्हणजे साडेपाच पटींपेक्षा थोडी जास्त. नव्या रचनेमुळे प्रत्येक फ्लॉपमागे कामही जरा जास्त होतं, ते धरू. १०८०पी पडद्यावर सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, फोर-के पडद्यावर ८३ लाख. चौपट. फ्रेम्स ३० च्या ६० केल्या की दुप्पट. चार दुणे आठ. पीएस४ वरचा १०८०पी आणि ३० फ्रेम्सचा गेम, एक पानही जास्त न लावता, नुसता खऱ्या फोर-के आणि ६० फ्रेम्सवर न्यायचा म्हटलं तर आठपट ताकद हवी. जी मिळाली आहे ती त्याहून कमी. वाढीव ताकद सगळी पिक्सेल आणि फ्रेम्समध्ये गेली, दृश्यात नवं काय घालणार?

आणि त्यातले पिक्सेल तरी दिसतात का? चांगल्या नजरेच्या माणसाला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखू येतो असं धरतात. ४३ इंची टीव्हीवर १०८०पी चा एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा. हिशेब केलात तर साडेपाच-सहा फुटांपलीकडून तो वेगळा दिसत नाही, म्हणजे फोर-के चा फायदाही तिथून मागे फारसा उरत नाही. ५५ इंचीला ही मर्यादा सात फुटांच्या आसपास जाते. आपल्याकडच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकवलेला आणि टीव्ही समोरच्या भिंतीवर, अंतर नऊ-दहा फूट. ताकदीचा सर्वांत मोठा घास ज्यात गेला तेच तुमच्या सोफ्यावरून दिसत नाही. म्हणूनच आता बहुतेक गेम आत कमी रेझोल्यूशनवर चित्र काढतात आणि आधीच्या फ्रेममधली माहिती वापरून ते मोठं करतात. काही लोक याला फसवणूक म्हणतात. मी म्हणत नाही. न दिसणाऱ्या पिक्सेलवरचा खर्च वाचवून तो प्रकाशावर घालणं हे शहाणपणाचंच आहे.

उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं बरेच मोठे गेम दोन्ही कन्सोलसाठी निघाले. 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' आणि 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' हे २०२२ चे दोन्ही गेम पीएस४ वरही होते. जो गेम पीएस४ च्या हार्ड डिस्कवर चालला पाहिजे त्याचा आराखडा पीएस४ चाच असणार.

हार्ड डिस्कची गोष्ट म्हणजे तो दुसरा रस्ता. पीएस४ ची डिस्क सेकंदाला ५० ते १०० एमबी द्यायची आणि डिस्कवर माहिती शोधायला तिचं डोकं इकडून तिकडे फिरवण्यात वेळ जायचा. त्यामुळे २०१८ च्या 'स्पायडरमॅन'मध्ये शहराच्या प्रत्येक तुकड्याचं सामान डिस्कवर एकत्र ठेवलं होतं. सोनीच्या मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधल्या व्याख्यानात सांगितलं की रस्त्यावरच्या टपालपेटीसारख्या वस्तू डिस्कवर ४०० वेळा लिहिलेल्या होत्या. टपालपेटी एकच, प्रती ४००. पीएस५ ची एसएसडी, म्हणजे फिरतं डोकं नसलेली चिपवरची साठवण, सेकंदाला साडेपाच जीबी देते. मेमरी दुप्पटच असली तरी तिच्यातलं सामान डोळ्याची पापणी लवते तोवर बदलता येतं. पुढच्या अर्ध्या मिनिटात लागेल म्हणून जे मेमरीत साठवून ठेवावं लागायचं, त्याची गरज उरली नाही. ती जागा आत्ता समोर दिसतंय त्याला मिळाली. २०२१ च्या 'रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट'मध्ये पात्र एका फटीतून दुसऱ्या जगात जातं तेव्हा हे उघड दिसतं. एरवी ते दिसत नाही, कारण काय थांबलं नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि मग प्रकाश. बेकिंगबद्दल वर लिहिलं. ते काम मी वर्षानुवर्षं केलंय. संध्याकाळी मशीनवर बेक लावून घरी जायचं, सकाळी येऊन पाहायचं. कोपऱ्यातून प्रकाश गळत असेल, जिन्याखाली डाग पडला असेल तर दुरुस्त करून पुन्हा रात्रभर. एका प्रकल्पात दरवाजा दीड मीटर उजवीकडे सरकवल्यामुळे आमचा आठवडा गेला होता. म्हणूनच जुन्या गेममध्ये भिंती फुटत नाहीत, दिवसाची वेळ ठरलेली असते, मोठं फर्निचर हलत नाही. रंगवलेला प्रकाश हलवता येत नाही, म्हणून जगालाच जखडून ठेवायचं.

रे ट्रेसिंगमध्ये प्रकाशाचा किरण खरोखर सोडून तो कुठे आदळतो ते पाहतात. पीएस५ मध्ये त्यासाठी खास सोय आहे, पण ती पुरवून वापरावी लागते. बहुतेक गेम तिचा वापर फक्त प्रतिबिंबांसाठी किंवा फक्त सावल्यांसाठी करतात. अपवाद आहेत. 'मेट्रो एक्सोडस'ची २०२१ ची सुधारित आवृत्ती परावर्तित प्रकाशाचं सगळं गणित किरणांनी करते आणि पीएस५ वर ६० फ्रेम्सचं लक्ष्य ठेवते. अंधाऱ्या खोलीत खिडकीतून एक तिरीप आली की ती जमिनीवर पडते, तिथून छताला जाते, आणि छत जमिनीच्या रंगाने उजळतं. आपल्या जुन्या वाड्यांच्या माजघरात दुपारी असाच उजेड असायचा. ते पाहिलं तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवून नुसता पाहत बसलो होतो. त्याच दृश्याचा स्थिर फोटो जुन्या बेक केलेल्या आवृत्तीशेजारी ठेवला तर काहींना जुना जास्त आवडेल, कारण तो एका कलाकाराने हाताने सजवलेला आहे. फरक दरवाजा उघडल्यावर कळतो. इथे दरवाजाबरोबर उजेड हलतो.

म्हणून स्थिर फोटो शेजारी ठेवून पिढ्यांची तुलना करू नका. पीएस१ आणि पीएस२ मधला फरक फोटोत मावायचा, पीएस४ आणि पीएस५ मधला मावत नाही.

आता घरच्यांना दाखवायचं असेल तर असं करा. आधी टीव्हीत गेम मोड आणि एचडीआर (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारी सोय) चालू आहे ना ते बघा, सोफा जमेल तेवढा पुढे ओढा. पीएस५ वरचा 'स्पायडरमॅन'चा रीमास्टर लावा आणि सेटिंगमध्ये परफॉर्मन्स मोड निवडा, ज्यात रे ट्रेसिंग नसतं. मॅनहॅटनमधल्या एखाद्या काचेच्या इमारतीला चिकटा आणि काचेत पाहा. समोर कसल्यातरी शहराचं पुसट चित्र दिसेल. ते आधी काढून ठेवलेलं आहे, त्यात स्पायडरमॅन नसेल. मग रस्त्यावर पाणी साचलेलं असेल तिथे जा आणि कॅमेरा हळूहळू खाली वळवा. इमारत पडद्याच्या वरच्या कडेबाहेर गेली की पाण्यातलं तिचं प्रतिबिंबही विरेल, कारण पडद्यावर जे आहे त्याचंच प्रतिबिंब काढता येत होतं. आता मेनू उघडून परफॉर्मन्स आरटी, म्हणजे रे ट्रेसिंगवाला मोड, निवडा आणि पुन्हा त्याच काचेसमोर जा. कॅमेरा फिरवा, खालची रहदारी बघा, मागची इमारत बघा, आणि मग कंट्रोलर प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात द्या.